'ओव्हर' म्हणजे केवळ 'वर' नव्हे

भाषेच्या अभ्यासात मोठ्या शब्दांना मान मिळतो आणि लहान शब्दांना फक्त काम मिळते. 'अस्तित्व', 'संवेदना', 'विद्रोह' अशा शब्दांवर आपण चर्चासत्रे भरवतो. 'वर', 'खाली', 'शी', 'पासून' यांच्याकडे मात्र शालेय व्याकरणानंतर आपण वळूनही पाहत नाही. इंग्रजीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. इंग्रजीतील प्रिपोझिशन, म्हणजे आपल्या परिभाषेत शब्दयोगी अव्यय, हा आपल्याकडे विचाराचा विषय कधी झालाच नाही. तो पाठांतराचा आणि रिकाम्या जागा भरण्याचा विषय राहिला. ही उपेक्षा निरुपद्रवी नाही, तिची किंमत विद्यार्थ्यांना आणि अनुवादालाही मोजावी लागते, असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी आम्ही एकच शब्द निवडला आहे: 'ओव्हर'.

आम्ही मराठीचे अध्यापक. इंग्रजी शब्दाची ही उठाठेव आम्ही का करावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी हा शब्द इंग्रजीत काय काय करतो ते पाहू.

मेजाच्या वर दिवा टांगलेला आहे, तेथे 'ओव्हर'. विमान डोंगरावरून गेले, तेथेही 'ओव्हर'. एखादा माणूस टेकडीपलीकडे राहतो, तेव्हाही 'ओव्हर'. मेजावर कापड अंथरले, चेहरा हातांनी झाकला, भिंतीतल्या भोकावर चित्र लावले, या सर्व ठिकाणी 'ओव्हर'. चाळिसांहून अधिक माणसे आली, राजाची प्रजेवर सत्ता आहे, नाटक संपले, खांब कोसळला, पान उलटले, तेच काम पुन्हा केले, सुट्टीच्या काळात पुस्तक वाचून झाले, भावाभावांत जमिनीवरून भांडण झाले, कॉफीपेक्षा चहा पसंत केला. या प्रत्येक वाक्याच्या इंग्रजी रूपात 'ओव्हर' येऊ शकतो. शब्द एक, आणि मराठीत त्याच्यासाठी वर, वरून, पलीकडे, हून, पेक्षा, उलटणे, संपणे, पुन्हा अशी सारी पलटण उभी करावी लागते.

या पसाऱ्यापुढे कोशकारही हतबल झाले होते. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने असे कबूल केले आहे की, हे लहान शब्द सर्वच भाषांत इतक्या सैलपणे वापरले जातात की त्यांना एखाद्या नियमबद्ध योजनेत बसवणे सोपे नाही. पुढील सव्वादोनशे वर्षे साधारण हीच समजूत कायम राहिली. अर्थांना क्रमांक द्यावेत, प्रत्येकापुढे एक उदाहरण द्यावे आणि पुढच्या शब्दाकडे जावे, अशी पद्धत रूढ झाली. आपल्याकडील इंग्रजीचे अध्यापनही याच वळणाने गेले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि त्या पाठमालेचे ऋण मोठेच आहे. पण 'हा इंग्रजी शब्द बरोबर तो मराठी शब्द' अशी जी जोडी लावण्याची सवय आपल्याला लागली, ती लहान शब्दांच्या बाबतीत फसवी ठरली.

या समजुतीला धक्का बसला तो १९८१ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत क्लॉडिया ब्रुगमन या विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रबंधासाठी 'ओव्हर' हा एकच शब्द घेतला. या शब्दाचे अर्थ ढिगाऱ्यासारखे एकमेकांवर पडलेले नाहीत, ते एकमेकांना धरून आहेत, हे तिने दाखवले. जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ सालच्या 'विमेन, फायर अँड डेंजरस थिंग्ज' या ग्रंथात हे काम पुढे नेले आणि 'ओव्हर' हा शब्द बोधात्मक भाषाविज्ञानातील एक गाजलेला नमुना ठरला. एम.ए.च्या विद्यार्थ्याने एका अव्ययावर प्रबंध लिहावा आणि त्यातून एका ज्ञानशाखेला उदाहरण मिळावे, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांतील विषयनिवडीच्या पार्श्वभूमीवर लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या मांडणीचा गाभा समजायला अवघड नाही. एक माणूस भिंतीवरून उडी मारतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तो अलीकडे उभा आहे, मग क्षणभर भिंतीच्या वर आहे, मग पलीकडे उतरला आहे. हा एक कमानदार मार्ग आहे. या मार्गाच्या मधल्या बिंदूवर लक्ष दिले की 'च्या वर' हा अर्थ मिळतो. संपूर्ण मार्गावर लक्ष दिले की 'ओलांडून' हा अर्थ मिळतो. शेवटच्या बिंदूवर लक्ष दिले की 'पलीकडे' हा अर्थ मिळतो. पलीकडे पोहोचणे म्हणजे मार्ग संपणे. म्हणून नाटक संपले तेथेही 'ओव्हर'. वस्तू स्वतःलाच ओलांडून गेली, तर ती उलटते किंवा कोसळते. जो वर आहे त्याचा खालच्यावर ताबा असतो, म्हणून सत्ता. भांडे भरून पाणी काठावरून वाहिले तर ते मर्यादेबाहेर गेले, म्हणून अधिक्य. वर पसरलेली वस्तू खालचे झाकते, म्हणून आच्छादन. एका चित्रातून एवढे अर्थ निघतात आणि प्रत्येक पायरी अनुभवाला धरून आहे.

लेकॉफ यांची मांडणी निर्विवाद नाही. डोंगरावरून जाणे आणि भिंतीवरून जाणे, स्पर्श करून जाणे आणि अधांतरी जाणे, असे अनेक सूक्ष्म भेद त्यांनी स्वतंत्र अर्थ म्हणून मोजले. अँड्रिया टायलर आणि व्हिव्हियन एव्हान्स यांनी २००१ साली 'लँग्वेज' या नियतकालिकातील निबंधात आणि पुढे २००३ सालच्या ग्रंथात याला आक्षेप घेतला. विमान डोंगराला स्पर्श करत नाही हे आपल्याला विमानाविषयीच्या ज्ञानातून कळते, 'ओव्हर' या शब्दातून नाही. जे संदर्भ सांगतो ते शब्दाच्या नावावर जमा करू नये, हा त्यांचा मुद्दा आम्हांला पटतो. त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. 'ओव्हर' म्हणजे केवळ उंचावर असणे नव्हे, तर खालच्या वस्तूशी संबंध येईल इतक्या आवाक्यात असणे. ज्याचा खालच्याशी असा संबंध नाही, जे नुसतेच उंच आहे, त्यासाठी इंग्रजीत 'अबव्ह' आहे. सत्तेचा अर्थ 'ओव्हर'ला का चिकटला, हे या आवाक्यामुळे अधिक स्पष्ट होते.

या शब्दाचा खरा कस लागतो तो त्याच्या परस्परविरोधी अर्थांत. 'ओव्हरसाइट' या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ देखरेख आणि दुसरा अर्थ नजरचूक. काळजीपूर्वक पाहणे आणि पाहायचेच राहून जाणे, दोन्हींसाठी एकच शब्द! पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला हा निव्वळ चावटपणा वाटेल. पण कमानीचे चित्र आठवले की कोडे सुटते. वर उभे राहून खाली पाहिले तर देखरेख होते. नजर वस्तूवर न थांबता तिच्यावरून पलीकडे निघून गेली तर नजरचूक होते. कमान तीच आहे. एकदा नजर मध्यावर थांबली, एकदा थांबली नाही.

'ओव्हरसियर' हा शब्द बांधकाम खात्यातून मराठीत आला आणि खेड्यापाड्यांत रुळला. त्याचाच लॅटिन जुळा भाऊ म्हणजे 'सुपरव्हायजर'. दोघांचाही मूळ अर्थ वरून पाहणारा. मराठीने त्याला पर्याय दिला तो 'पर्यवेक्षक'. यातला पहिला उपसर्ग आहे 'परि', म्हणजे सभोवार. इंग्रजांचा अधिकारी वरून पाहतो, आपला पर्यवेक्षक सभोवार पाहतो. परीक्षेच्या दालनात दोघे एकच काम करतात, पण दोन भाषांनी त्या कामाची वेगवेगळी चित्रे काढली आहेत.

क्रिकेटमधले उदाहरण तर सर्वांच्या ओठांवर आहे. ठरलेले चेंडू टाकून झाले की पंच 'ओव्हर' असे पुकारतो आणि गोलंदाजीची बाजू बदलते. त्या पुकाऱ्यावरूनच चेंडूंच्या त्या गटाला ते नाव मिळाले. म्हणजे इंग्रजी शब्दात संपणे आणि पालटणे आहे, संख्या नाही. मराठीने 'षटक' म्हटले आणि सारा भर संख्येवर दिला. इंग्लंडमध्ये १८८९पूर्वी ओव्हर चार चेंडूंची होती, ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंची. इंग्रजी शब्दाला त्याने काही फरक पडला नाही. मराठीला मात्र आठ चेंडूंचे षटक म्हणावे लागले असते. आम्ही 'षटक' या शब्दाला दोष देत नाही, तो सुटसुटीत आणि सुंदर शब्द आहे. पारिभाषिक शब्द घडवतानाही मूळ शब्दातले एक चित्र निवडावे लागते आणि बाकीची सोडून द्यावी लागतात, एवढेच त्यातून दिसते.

आता आम्ही मराठीचे अध्यापक या शब्दाकडे का वळलो, त्याचे उत्तर. 'ओव्हर' आणि आपला 'वर' हे परके नाहीत, ते एकाच घराण्यातले आहेत. संस्कृत 'उपरि', ग्रीक 'हुपेर', लॅटिन 'सुपेर' आणि जुन्या इंग्रजीतील 'ओफर' ही एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाची रूपे. 'उपरि'चे प्राकृतात 'उवरि' झाले, त्यातून जुन्या मराठीतले 'वरी' आणि आजचा 'वर' आला. (नवरदेवाचा आणि वरदानाचा 'वर' वेगळा.) हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या या दोन बहिणींना शेजारी बसवले की काय दिसते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाचाच आहे.

पहिली गोष्ट दिसते ती साम्याची. सत्तेचा अर्थ मराठीतही आहे: कुणावर हुकूम चालवणे, कुणापेक्षा वरचढ ठरणे. अधिक्याचा अर्थ आहे: शंभराच्या वर माणसे, वरखर्च, वरकमाई. आच्छादन आहे: अंगावर पांघरूण. भांडणाचे कारण आहे: जमिनीवरून वाद. पुनरावृत्तीसुद्धा आहे: इंग्रजीत 'ओव्हर अँड ओव्हर', मराठीत 'वरचेवर'. शालेय व्याकरणात 'वर' हे स्थलवाचक शब्दयोगी अव्यय म्हणून एका रकान्यात बसवले जाते. पण 'वरकमाई'त कुठले स्थळ आहे? मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ला (१९११) शंभराहून अधिक वर्षे उलटली. शब्दयोगी अव्ययांचे इतक्या तपशिलाने विवेचन करणारी परंपरा आपल्याकडे असताना, ब्रुगमनने 'ओव्हर'चे जसे केले तसे 'वर'चे अर्थजाल मांडण्याचे काम आपल्या एम.ए.च्या वर्गांतून व्हायला हवे.

दुसरी गोष्ट दिसते ती फरकाची, आणि ती अधिक बोलकी आहे. संपणे, पलीकडे असणे, उलटणे हे अर्थ 'वर'कडे नाहीत. आमच्या मते याचे कारण असे की, मराठीतला 'वर' माथ्यावरच थांबतो. कमान पूर्ण करून तो पलीकडे उतरत नाही. मार्ग दाखवायचा तर 'वरून' लागतो, आणि पलीकडे पोहोचवायचे तर क्रियापद लागते: ओलांडणे, उलटणे. आता गंमत पाहावी. इंग्रजीत अव्ययाने केलेले काम मराठीत क्रियापदाने केले, पण चित्र तेच राहिले. महिना उलटला, साठी ओलांडली, वेळ टळून गेली. काळ संपला हे सांगायला मराठीही पालटण्याचीच आणि पलीकडे जाण्याचीच प्रतिमा वापरते. लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ साली भाषांची जी विभागणी सुचवली, ती येथे उपयोगी पडते: काही भाषा गतीचा मार्ग क्रियापदात सांगतात, तर काही क्रियापदाबाहेरच्या लहान शब्दांत. इंग्रजी दुसऱ्या गटातली. म्हणूनच तिचे लहान शब्द एवढा भार वाहतात.

कधी कधी तर दोन्ही भाषा एकच दृश्य दोन टोकांकडून पाहतात. इंग्रजीत कागद 'लुक ओव्हर' करतात, म्हणजे नजर कागदावरून फिरते. मराठीत आपण कागद नजरेखालून घालतो. तेथे नजर हलते, येथे कागद हलतो. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याला अनुवाद म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

अनुवादकापुढचा पेच एका शीर्षकावरूनही दाखवता येईल. केन केसी यांच्या १९६२ सालच्या कादंबरीचे नाव आहे 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'. मनोरुग्णालयात घडणाऱ्या या कादंबरीच्या शीर्षकातला 'ओव्हर' घरट्याच्या वर घिरट्या घालणारा नाही. घरटे मागे टाकून निघून जाणारा आहे. 'घरट्यावर' म्हटले तर पक्षी अडकतो, 'घरट्यावरून' म्हटले तर तो निघतो, 'घरटे ओलांडून' म्हटले तर तो सुटतो. कादंबरीतील सुटकेचा प्रश्न त्या एका अव्ययात आधीच उभा आहे. असे असताना समीक्षेने या शब्दाला 'व्याकरणाचा भाग' म्हणून बाजूला ठेवावे, हे आम्हांला मान्य नाही.

आता विद्यार्थ्यांविषयी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी महाविद्यालयात इंग्रजी बोलताना सर्वाधिक भितो तो या लहान शब्दांना. 'तो माझ्यावर रागावला' याचे त्याने 'एंग्री ऑन मी' केले की वर्गात हशा पिकतो. तो बसमध्ये बसला म्हणून 'इन द बस' म्हणतो. तिच्याशी लग्न झाले म्हणून 'मॅरिड विथ' म्हणतो. हे इंग्रजी रूढीला धरून नाही, ते दुरुस्त केलेच पाहिजे. पण हा अडाणीपणा नव्हे. त्या विद्यार्थ्याच्या भाषेत राग ही वरून कोसळणारी गोष्ट आहे, आणि तो आपल्या भाषेच्या चित्राशी प्रामाणिक राहिला आहे. त्याला 'चूक' एवढेच सांगून गुण कापणे आणि 'तुझ्या भाषेत राग असा दिसतो, इंग्रजीत तो तसा दिसत नाही' असे सांगणे, यांत शिक्षणाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. पहिल्याने तो गप्प होतो, दुसऱ्याने तो दोन्ही भाषांकडे पाहू लागतो.

याला दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही सारी चित्रे पश्चातबुद्धीची आहेत. एखादा अर्थ का आला हे ती सांगतात, पण कुठला अर्थ येईल हे आधी सांगू शकत नाहीत. हे खरे आहे. इंग्रजीत 'ओव्हर द फोन' आणि 'ऑन द फोन' दोन्ही चालतात, मराठीत फोनवर बोलणे एवढेच. कोणत्याही चित्रावरून हे आधी वर्तवता आले नसते. रूढी शेवटी रूढीच, ती कानावर पडूनच शिकावी लागते. पण जे आधी वर्तवता येत नाही, ते निरर्थकच असते असे नाही. कारण कळलेली गोष्ट पाठ केलेल्या गोष्टीपेक्षा अधिक काळ टिकते, हा अध्यापनातला रोजचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: प्रत्येक शब्दाचा एक नेमका अर्थ असावा, बाकीचे शिथिल प्रयोग. इंग्रजीतही हा आग्रह झाला. संख्येसाठी 'ओव्हर' वापरू नये, 'मोर दॅन' वापरावे, असा दंडक अमेरिकेतील वृत्तपत्रांत एकोणिसाव्या शतकापासून चालत आला. शेवटी २०१४ साली असोसिएटेड प्रेसच्या लेखनशैली-पुस्तिकेने तो मागे घेतला. बोलणाऱ्यांनी त्या बंदीची कधी फारशी फिकीर केली नव्हती. भांड्याच्या काठावरून वाहणारे पाणी आणि चाळिसांवर गेलेली संख्या यांतले नाते लोकांना कोणी शिकवावे लागत नाही.

आमची सूचना साधी आहे. मराठी माणसाच्या बोलण्यात 'ओव्हर' आधीच भरपूर आहे: ओव्हरब्रिज, ओव्हरटेक, ओव्हरटाइम, धरण ओव्हरफ्लो होणे, एखाद्याचे वागणे 'जरा ओव्हर' होणे. पहिल्यात वर असणे, दुसऱ्यात ओलांडून पुढे जाणे, उरलेल्यांत मर्यादेबाहेर जाणे. विद्यार्थ्याला हे अर्थ ठाऊक आहेत. ते एका धाग्यात ओवून दाखवायचे तेवढे बाकी आहे. इंग्रजीच्या वर्गात रिकाम्या जागांआधी चित्रे काढून घ्यावीत. मराठीच्या वर्गात 'वर', 'खाली', 'मागे', 'पुढे' यांच्यावर लहान शोधनिबंध लिहून घ्यावेत. अनुवादाच्या प्रश्नपत्रिकेत केवळ अनुवाद न मागता, हेच अव्यय का निवडले याची दोन वाक्ये मागावीत. आणि मराठी व इंग्रजी विभागांनी वर्षातून निदान एक तास एकत्र बसून हे दोन शब्द एकाच फळ्यावर लिहावेत. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही; एक फळा, एक खडू आणि दोन्ही भाषांविषयीचे सारखेच कुतूहल पुरेसे आहे.